तोल, चिंता आणि लीला

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दोन वृद्धनिवासांच्या व्हरांड्यांत, जेवणघरांत आणि बैठकीच्या खोल्यांत कॅमेरे बसवलेले होते. २००७ ते २०१० या काळात त्यांनी १३० वृद्धांना मिळून २२७ वेळा पडताना टिपलं. संशोधकांनी एकेक चित्रफीत थांबवत, मागे नेत, पुन्हापुन्हा पाहिली आणि २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला हिशेब मांडला. घसरून पडलेले निघाले जेमतेम ३ टक्के. अडखळून पडलेले २१ टक्के. सगळ्यात मोठा वाटा, ४१ टक्के, वेगळ्याच कारणाचा होता. अंगाचा भार एका बाजूकडून दुसरीकडे नेताना अंदाज चुकला आणि माणूस खाली गेला. ना ओली फरशी, ना केळीचं साल, ना कुणाचा धक्का.

आपल्याकडे घरातलं म्हातारं माणूस पडलं की संशय आधी मोरीवर जातो. मग तिथे खरबरीत फरशी बसते, कमोडशेजारी स्टीलचा दांडा लागतो, दिवाणखान्यातली सतरंजी गुंडाळून माळ्यावर जाते. हे सगळं करायलाच हवं. शिवाय त्या कॅमेऱ्यांची नजर सामायिक जागांपुरती होती, न्हाणीघरात नव्हती, हेही विसरून चालणार नाही. तरी त्या चित्रफिती विचारात पाडतात. पडण्याचं कारण बरेचदा बाहेर सापडतच नाही. ते उठण्यात, वळण्यात, खुर्चीत टेकण्यात असतं. ज्यांच्याकडे जन्मभर लक्ष द्यावं लागलं नाही अशा हालचालींत असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. डॉक्टरकडे न्यावं लागेल असं पडणं वर्षाला ३ कोटी ७३ लाख वेळा घडतं. पासष्टी ओलांडलेल्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षभरात कधी ना कधी पडतो. खुबा मोडला तर मग विचारायलाच नको.

हाड न मोडताही पडणं माणसाला जायबंदी करू शकतं. मर्फी आणि आयझॅक्स या ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९८२ मध्ये असे वृद्ध रुग्ण नोंदवले, की पडल्यानंतर त्यांच्या हाडांत किंवा मज्जातंतूंत चालणं थांबावं असा काही दोष सापडत नव्हता; तरी खाट, टेबल, भिंत, नर्सचा हात, जे दिसेल ते घट्ट धरल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नव्हतं. या भीतीचं चक्र घराघरांत ओळखीचं आहे. एकदा पडलेली आजी जिना टाळते, मग फाटकापर्यंत जाणं टाळते, मग देवघरापर्यंतसुद्धा कुणाचा तरी हात धरून जाते. घरचे प्रेमानेच म्हणतात, “आजी, तुम्ही उठू नका, काय हवं ते सांगा.” न वापरलेले स्नायू आटत जातात, आणि ज्याची भीती होती ते पडणं आणखी जवळ येतं. चिंतेने पडणं टळत नाही, चिंता त्याची तयारीच करत राहते.

शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘भज गोविंदम्’ या स्तोत्रात माणसाच्या आयुष्याची वाटणी करून दिलेली आहे. बालपण खेळात रमतं, तारुण्य स्त्रीच्या ओढीत आणि म्हातारपण चिंतेत. परब्रह्माकडे वळायला कुणालाच सवड होत नाही. स्तोत्रकाराने हा टोमणा मारला होता, समाजाने त्याचा नियम करून टाकला. सत्तरीतला माणूस दिवसभर काळजी करत बसला तर त्याला कुणी नावं ठेवत नाही. तोच नातवाच्या हातातला रिमोट घेऊन टीव्हीसमोर उड्या मारायला लागला तर म्हातारचळ लागला म्हणतात.

गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्राने या वाटणीत हात घातला आहे. म्हातारपणाच्या खात्यातली चिंता काढा आणि तिथे बालपणाच्या खात्यातला खेळ ठेवा, असा त्याचा साधारण आग्रह आहे. आग्रह आरोग्याचा, पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. ज्याला काही हेतू नसतो तो खेळ, अशी आपली समजूत. मग हाडं शाबूत राहावीत म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेला खेळ हा खेळ म्हणायचा, की गोड पाकात घोळलेली गोळी?

सुरुवात झाली ती खेळण्यांच्या बाजारात. निंटेंडो या जपानी कंपनीने २००६ मध्ये ‘वी’ नावाचं यंत्र आणलं. त्यात बोटांनी दहा बटणं दाबण्याची कसरत नव्हती; हातातला दांडका हवेत फिरवला की पडद्यावर बॅट फिरे, चेंडू घरंगळे. हे यंत्र काही महिन्यांतच अमेरिकेतल्या वृद्धनिवासांतही शिरलं. शिकागोजवळच्या लिंकनशायर गावातलं सेजब्रूक हे त्यांपैकी एक. तिथल्या रहिवाशांचं सरासरी वय ७७ होतं. २००७ च्या सुरुवातीला ते पडद्यावरच्या बोलिंगच्या नादी लागले आणि त्यांच्या स्पर्धांच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. ते खेळत होते ते जिंकण्यासाठी, खुब्याच्या हाडासाठी नव्हे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानमध्ये ‘वी फिट’ आलं. मारिओला जन्म देणारे शिगेरू मियामोतो त्या काळात रोज स्वतःचं वजन करून नोंदवत होते, आणि यातही एक खेळ आहे असं त्यांच्या मनात आलं. दोन पायांवरचा भार वेगवेगळा मोजण्याची कल्पना सुमो पैलवानांवरून सुचली. एका काट्यात मावत नसल्यामुळे त्यांचं वजन दोन काट्यांवर पाय ठेवून करावं लागतं, असं त्यांनीच सांगितलं आहे. त्यातून तयार झाली पाटासारखी एक पांढरी फळी, जिच्या चार कोपऱ्यांत भार मोजणारे चार संवेदक होते. तिच्यावरच्या एका खेळात पडद्यावर भोकं पाडलेला तक्ता दिसतो. फळीवर उभं राहिलेल्याने भार किंचित डावीकडे नेला की तक्ता डावीकडे कलतो आणि वरचे गोळे घरंगळायला लागतात. गोळे भोकात पाडायचे, पण तक्त्याच्या कडेवरून जाऊ द्यायचे नाहीत. ब्रिटिश कोलंबियात ४१ टक्के वेळा जिथे घात झाला, नेमकी तीच हालचाल इथे पुन्हापुन्हा करावी लागते: भार उचलायचा, न्यायचा, वेळेत थांबवायचा.

२०१० मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ही फळी प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राशेजारी ठेवून तपासली. उभं राहतानाचा तोल मोजण्यात ती त्या यंत्राच्या तोडीस तोड निघाली. जगभरच्या फिजिओथेरपी विभागांतही ही खेळण्याची फळी दिसायला लागली.

यानंतर छोटेछोटे अभ्यास पुष्कळ झाले. दहा-वीस माणसं, सहा-आठ आठवडे, आणि शेवटी एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं याची मोजणी. आकडे बहुधा सुधारत. पण घरी गेल्यावर ती माणसं कमी पडतात का, हा खरा प्रश्न तसाच राहत असे. त्याचं सर्वांत भक्कम उत्तर २०२४ मध्ये सिडनीहून आलं. न्यूरोसायन्स रिसर्च ऑस्ट्रेलिया ही संस्था आणि तिथले स्टीफन लॉर्ड अनेक दशकं वृद्धांच्या पडण्याचा अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या गटाने पासष्टीपुढच्या, स्वतःच्या घरी राहणाऱ्या ७६९ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या गटाला टीव्हीला जोडलेली चटई मिळाली. पडद्यावर खूण उमटली की चटईवरच्या नेमक्या चौकटीत वेळेवर पाऊल टाकायचं, असे तिच्यावरचे खेळ. दुसऱ्या गटाने बसून बुद्धीचे खेळ खेळले. तिसऱ्याला केवळ माहिती देण्यात आली. खेळणाऱ्या दोन्ही गटांना आठवड्याला १२० मिनिटं खेळा असं सुचवलं होतं. वर्षभर दर महिन्याला विचारणा झाली: या महिन्यात पडलात का?

चटईवर पावलं टाकणाऱ्यांचं पडणं माहितीच्या गटापेक्षा २६ टक्क्यांनी कमी भरलं. बसून खेळणाऱ्यांत तसा ठाम फरक दिसला नाही. व्यायामाने पडणं साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं, असा १०८ चाचण्यांचा आढावा घेऊन २०१९ मध्ये काढलेला निष्कर्ष आहे. म्हणजे चटईने व्यायामाची बरोबरी केली. पण ‘नेचर मेडिसिन’मधल्या त्या निबंधात आणखी एक वाक्य आहे आणि तत्त्वज्ञाची नजर तिथेच अडेल. शारीरिक आणि बौद्धिक क्षमतेच्या ज्या इतर परीक्षा घेतल्या, त्यांत फरक दिसला नाही. माणसं कमी पडली, पण परीक्षेत अधिक गुण मिळवणारी झाली नाहीत. मग त्यांनी कमावलं तरी काय?

एक अंदाज बांधता येतो, आणि त्याचा धागा स्वीडनमध्ये सापडतो. लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अगदी साधी चाचणी प्रसिद्ध केली. वृद्धासोबत चालायचं आणि मध्येच गप्पा सुरू करायच्या. काही जण बोलत बोलत चालत राहतात. काही जण उत्तर देण्यासाठी थांबतात. थांबणारे पुढच्या सहा महिन्यांत कितीतरी अधिक पडले. चालणं आपोआप होतं ही तरुणपणीची समजूत आहे. वय वाढतं तसं पायांना लक्ष लागतं, आणि लक्षाची पुंजी मर्यादित असते. भाजीवालीशी हुज्जत घालताना, फोन वाजल्यावर, कुणी मागून हाक मारल्यावर तोल जातो तो यामुळे. चटईवरच्या खेळात नजर पडद्यावर, डोकं खुणेवर आणि पाय चटईवर, अशी तिन्ही कामं एकदम चालतात. बाजारात नेमकं हेच करावं लागतं. एका पायावर उभं राहण्याच्या परीक्षेत ते मोजलंच जात नाही.

मग लक्ष ठेवायचं तरी कुठे? गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लोकांना स्कीइंगचा सराव देणाऱ्या यंत्रावर उभं केलं. काहींना सांगितलं, आपल्या पावलांकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, यंत्राच्या चाकांकडे द्या. चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगलं शिकले. तोलाच्या दुसऱ्या उपकरणावरही तसंच घडलं. स्वतःच्या पायांवर पहारा बसवला की पाय अडखळतात. पडलेली आजी एकेक पाऊल निरखून टाकते तेव्हा ती सावध असते, पण सुरक्षित असेलच असं नाही.

पतंजलींनी योगसूत्रांत आसनाविषयी फार थोडं सांगितलं आहे. आसन स्थिर आणि सुखाचं असावं. आणि ते साधतं प्रयत्न सैल केल्याने व चित्त अनंताशी लावल्याने. आज योगवर्गात गुडघ्याचा कोन किती अंशाचा यावर वाद होतात, पण सूत्रकाराचं बोट शरीरापलीकडे आहे. स्थिर व्हायचं तर स्थिर होण्याची धडपड सोडावी लागते आणि मनाला धरायला काहीतरी दुसरं द्यावं लागतं. नॉर्वेचे तत्त्वचिंतक यॉन एल्स्टर यांनी १९८३ मध्ये याच जातीच्या अवस्थांचा विचार मांडला: त्या थेट मागे लागून मिळत नाहीत, दुसरं काही करताना हाती लागतात. झोप आणण्याचा प्रयत्न करणाऱ्याला झोप येत नाही, सहज वागण्याचा प्रयत्न करणारा अवघडतो. उतारवयातला तोलही बराचसा या पंक्तीत बसतो.

पतंजलींच्या अनंताच्या जागी टीव्हीवरचा रंगीत बाण बसवणं कुणाला पाखंड वाटेल. वाटू द्यावं. दोन्हींची उंची एक नाही, पण मनाला स्वतःवरून उचलण्याची युक्ती एकच आहे.

आता तो मूळ प्रश्न. विसाव्या शतकात खेळाचा विचार करणाऱ्यांत दोन तट पडलेले दिसतात. फ्रेंच विचारवंत रॉजे कैवा यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळाची कडक लक्षणं दिली: तो स्वेच्छेचा हवा आणि त्यातून काही उत्पन्न होता कामा नये. पैशासाठी लढणारा मुष्टियोद्धा त्यांच्या लेखी खेळाडू नाही, कामगार आहे. या मापाने चटईवरची आजी खेळत नाही. ती उपचार घेते. दुसऱ्या तटावर बर्नार्ड सूट्स. त्यांनी १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’मध्ये इसापाच्या कथेतल्या नाकतोड्यालाच तत्त्वज्ञ केलं. त्यांच्या मते गरज नसलेले अडथळे आपण होऊन पत्करणं म्हणजे खेळणं. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खळग्यात ठेवता आला असता, पण तसं केलं तर गोल्फ उरत नाही. खेळण्यामागे पैसा, कीर्ती, तब्येत असा दुसरा हेतू असला तरी चालतो. नियम खेळासाठी म्हणून मानले की झालं. या मापाने आजी अस्सल खेळाडू ठरते.

आपल्या परंपरेत हा वाद परब्रह्माविषयी झालेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो, की ईश्वर पूर्णकाम असेल तर त्याने सृष्टी निर्माण करण्याचं कारणच काय? हेतू असेल तर तो अपूर्ण ठरतो, नसेल तर सृष्टी होणार कशी? उत्तर मिळतं: ही केवळ लीला आहे, लोकांत दिसते तशी. शंकराचार्य भाष्यात राजाचं उदाहरण देतात. ज्याचं सगळं मिळवून झालं आहे असा राजा क्रीडाविहार करतो, तो काही मिळवण्यासाठी नव्हे. दुसरं उदाहरण श्वासोच्छ्वासाचं, तो कुठल्याही हेतूवाचून चालतो. पण त्याच भाष्यात आचार्य एक सवलत देऊन जातात. माणसांच्या लीलेत शोधायलाच गेलं तर एखादं सूक्ष्म प्रयोजन सापडेलही, असं ते म्हणतात. ईश्वराच्या लीलेत मात्र तेवढंही नाही.

ही सवलत फार उपयोगाची आहे. निर्हेतुक खेळ ईश्वरालाच शोभतो. माणसाच्या खेळात कुठेतरी तळाशी प्रयोजन असणार. कुणाला करमत नसतं, कुणाला सोबत हवी असते, कुणाला खुबा सांभाळायचा असतो. प्रयोजन असल्याने खेळ बाटत नाही. ते सूक्ष्म राहिलं पाहिजे, एवढीच अट. खेळ सुरू असताना प्रयोजनच समोर येऊन उभं राहिलं, “लक्षात ठेवा, तुम्ही पडू नये म्हणून हे चाललंय” असं कानात म्हणायला लागलं, की खेळ सरतो आणि चिंता पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. सूक्ष्म या विशेषणात इथे व्यवहारही आहे.

मराठी धर्मपरंपरेला म्हाताऱ्यांच्या खेळाचं वावडं कधीच नव्हतं. ‘लीळाचरित्र’ या मराठीतल्या आद्य गद्यग्रंथात चक्रधरस्वामींचं चालणं, बोलणं, जेवणं हे सगळं लीळाच आहे. त्यांचे गुरू, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू, यांचं वागणं तर भल्याभल्यांना वेडेपणाचं वाटे. त्यांच्या चरित्रातही त्या लीळाच मानल्या गेल्या. तुकोबांच्या गाथेत हुतुतू, विटीदांडू, टिपरी, फुगडी असे खेळ घेऊन रचलेले अभंग आहेत. आणि आषाढी वारीत आजही पांढऱ्या केसांची माणसं फुगडी धरतात. हातांची अढी घालून दोघं एकमेकांची मनगटं पकडतात, पावलं जवळ आणतात, अंग मागे झोकून देतात आणि गरगर फिरायला लागतात. प्रत्येकाचा तोल त्या क्षणी स्वतःच्या पायांत नसतो, समोरच्याच्या मुठीत असतो. कैवा यांनी खेळाचे चार प्रकार केले, त्यांतला एक घेरी येण्याच्या आनंदाचा. मेक्सिकोत उंच खांबावरून दोरीने गरगरत खाली येणाऱ्यांचं उदाहरण त्यांनी दिलं आहे. फुगडी त्यांच्या यादीत बेलाशक बसली असती.

पावली तर चटईच्या आणखी जवळची. टाळाच्या ठेक्यावर पाऊल पुढे, पाऊल मागे, तोंडाने अभंग, नजर शेजाऱ्यांवर. लक्ष एकाच वेळी ठेका, शब्द आणि पावलं यांत वाटलेलं. हे साम्य रचनेपुरतं आहे, सिडनीचे आकडे पावलीला लावता येत नाहीत. पण जिनिव्हात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी इथे आठवावी लागते. संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ यांच्या पद्धतीने पासष्टीपुढच्या १३४ जणांच्या अभ्यासात सहा महिने, आठवड्यातून एकदा, पियानोच्या बदलत्या लयीबरोबर चालण्या-वळण्याचे वर्ग घेतले गेले. त्यांत पडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पडदा नव्हता, गुण नव्हते. त्या वर्गांतही नेमून दिलेल्या कामात मन बाहेर गुंतलं होतं आणि पाय आपलं शिकत होते.

सांगून करायला लावलेली गोष्ट मध्येच खरी होऊ शकते, याचा दाखला मुंबईत आहे. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत चार-पाच जणांना जमवून हास्यक्लब सुरू केला. आधी विनोद सांगून हसायचं असं ठरलं होतं. थोड्याच दिवसांत विनोदांचा साठा संपला, तेव्हा कारणाशिवाय हसायचं ठरलं. सकाळी उद्यानात हात वर करून हसणारी मंडळी पाहून जाणाऱ्यायेणाऱ्यांनी त्यांची पुष्कळ टिंगल केली. पण तिथे नेमाने जाणारे सांगतात, की पहिलं हसू ओढूनताणून येतं, आणि शेजारच्याचा चेहरा पाहून दुसरं आपसूक फुटतं. हुकूम दारापर्यंत पोचवतो, आत शिरल्यावर तो बाहेरच राहतो.

याचा अर्थ यंत्राला हार घालावा असा नाही. ‘वी फिट’ काही चाचण्या घेऊन खेळणाऱ्याला त्याचं ‘वय’ सांगत असे, आणि ते खऱ्या वयापेक्षा दहा-वीस वर्षांनी जास्त निघालं तरी बेधडक जाहीर करत असे. पडायची धास्ती घेतलेल्या माणसाला असा निकाल सुनावणं म्हणजे मागच्या दाराने चिंताच घरात घेणं. यंत्रावर बेताल खेळून तरुणही दुखावतात. टेनिस खेळून खेळून खांदा धरलेल्या एका २९ वर्षांच्या डॉक्टरची हकिगत २००७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात गमतीदार नाव देऊन छापली गेली होती. वृद्धांनी खेळावं ते शेजारी भक्कम खुर्ची किंवा कठडा ठेवून, चक्कर किंवा पार्किन्सनसारखा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. सिडनीतली माणसं आपल्या घरी राहणारी, चालतीफिरती होती; अंथरुणाला खिळलेल्यांना किंवा वृद्धनिवासातल्या अधिक थकलेल्यांना तेच आकडे लागू होतील असं गृहीत धरता येत नाही.

शिवाय खेळण्यांचा बाजार म्हाताऱ्यांसाठी थांबत नाही. ‘वी’चं उत्पादन २०१३ मध्ये आवरलं. शरीराची हालचाल कॅमेऱ्याने टिपणारं मायक्रोसॉफ्टचं ‘किनेक्ट’ २०१० मध्ये आलं, त्याच्याभोवतीही व्यायामाचे कार्यक्रम रचले गेले, आणि २०१७ मध्ये तेही बंद झालं. एखाद्या विभागाने रुग्णांना त्या फळीची सवय लावावी आणि फळी बिघडली की नवी मिळू नये, असा हा खेळ. फुगडीला सुटे भाग लागत नाहीत.

सगळ्यात गंभीर शंका मात्र नैतिक आहे. मुलं परदेशी, आईला चटई घेऊन दिली आणि कर्तव्य आटोपलं, असं झालं तर? खेळ माणसांच्या ऐवजी आला तर तो औषध म्हणूनही तोकडा पडेल. सेजब्रूकच्या मंडळींना बोलिंगची गोडी लागली त्यात समोरच्या गड्याचा वाटा यंत्राइतकाच होता. दुसरा धोका लाडावण्याचा. सत्तरीच्या माणसाशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचं, प्रत्येक पावलाला टाळ्या वाजवायच्या, मुद्दाम हरायचं. सूट्सचा नाकतोडा इथे कठोर आहे: नियम खरे हवेत, अडथळा खरा हवा, आणि हरणंही खरं हवं. मुद्दाम हरणारा नातू आजोबांना खेळाडूच्या जागेवरून उठवून रुग्णाच्या खाटेवर बसवतो.

चटई, फळी किंवा नुसते खडूने आखलेले चौकोन, जे काही घरात येईल त्याबाबत घरच्यांनी एवढं सांभाळलं तरी पुष्कळ आहे. “आज खेळलात का?” हा प्रश्न रक्तदाबाच्या गोळीच्या सुरात विचारू नये. कितव्या पातळीवर अडकलात, कुठे चुकलं, नातवाने लबाडी केली का, हे विचारावं. आणि आजोबांनी डाव अर्ध्यात टाकून पत्ते पिसायला घेतले, तर चटई निमूटपणे गुंडाळून ठेवावी. खेळ नाकारायची मुभा नसेल तर कैवा यांचा आक्षेप खराच ठरेल.